व्हिएतनामला पहिल्यांदा जाताय? आधी सुट्टी बघा, मग तिकीट काढा

मुंबईहून हनोईला आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं सुरू झाली, व्हिसा घरबसल्या मिळू लागला आणि व्हिएतनाम एकदम आपल्या आवाक्यात आला. युरोपच्या मानानं खर्च कमी, प्रवास पाचेक तासांचा, घड्याळ फक्त दीड तास पुढे. आईवडिलांना घेऊन जाण्यासारखा, मुलांनाही आवडेल असा देश आहे. पण बहुतेक जण आधी स्वस्त तिकीट पकडतात आणि तिथलं हवामान नंतर बघतात. हा क्रम उलटा करा. बाकी सगळ्या गोष्टी जागेवर गेल्यावर निस्तरता येतात, चुकीच्या महिन्यात चुकीच्या भागात गेलात तर काहीच करता येत नाही.

कुठला भाग, कुठल्या सुट्टीत

व्हिएतनाम उभा, लांबलचक देश आहे. तिथले लोक आपल्या देशाला कावडीची उपमा देतात. वर लाल नदीचं खोरं, खाली मेकाँगचं खोरं, म्हणजे भाताच्या दोन टोपल्या, आणि मधला चिंचोळा किनारा म्हणजे खांद्यावरची काठी. मधे एके ठिकाणी देशाची रुंदी जेमतेम पन्नास किलोमीटर उरते. उत्तरेतल्या हनोईपासून दक्षिणेतल्या हो ची मिन्ह सिटीपर्यंत (तिथले लोक अजूनही सर्रास सायगॉनच म्हणतात) रेल्वेचं अंतर १,७२६ किलोमीटर आहे. त्यामुळे "व्हिएतनामचं हवामान कसं असतं?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. तिन्ही भागांची तीन उत्तरं आहेत.

आपल्या सुट्ट्यांप्रमाणे बघू.

दिवाळीची सुट्टी म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. या दिवसांत उत्तर व्हिएतनाम सुंदर असतो. पाऊस ओसरलेला, हवा कोरडी, हनोईत संध्याकाळी हलका गारवा. हनोई, निन्ह बिन्ह आणि हा लाँग उपसागर यांच्यासाठी ही उत्तम वेळ. पण नेमक्या याच दिवसांत मध्य व्हिएतनामात, म्हणजे ह्वे, दा नांग आणि होई आनमध्ये, वर्षातला सगळ्यात मोठा पाऊस असतो. ऑक्टोबर २०२५च्या अखेरीस ह्वे आणि होई आन या दोन्ही ठिकाणी रस्त्यांवरून होड्या चालल्या होत्या. तरीही आपल्याकडच्या सहल कंपन्या दिवाळीच्या पॅकेजमध्ये होई आन सर्रास घालतात, कारण तिथल्या कंदिलांचे फोटो विकले जातात. तुम्ही स्वतः ठरवत असाल तर दिवाळीत फक्त उत्तर करा.

मे महिन्यात हे चित्र पालटतं. दा नांग आणि होई आनला तेव्हा ऊन कडक असतं, पण समुद्र शांत आणि आकाश मोकळं. पहाटे आणि संध्याकाळी फिरायचं, दुपारी खोलीत राहायचं, एवढं पाळलं तर मे महिन्यासाठी मध्य भागच योग्य. हनोईत तेव्हा दमट उकाडा आणि दक्षिणेत दुपारच्या सरी सुरू झालेल्या असतात. ३० एप्रिल आणि १ मे या तिथल्या राष्ट्रीय सुट्ट्या आहेत. त्या आठवड्यात समुद्रकिनाऱ्याची हॉटेलं स्थानिकांनी भरतात, तेव्हा ५ मेच्या पुढे निघा.

नाताळच्या सुट्टीत दक्षिणेकडे जा. सायगॉन, मेकाँग खोरं, फू क्वोक बेट, सगळीकडे कोरडं आणि छान. त्याच वेळी हनोईत पारा दहा-पंधरा अंशांवर येऊ शकतो आणि उत्तरेतल्या सा पा या डोंगरातल्या गावी त्याहून बराच खाली. तिकडे जायचं असेल तर खरे लोकरीचे कपडे न्या, कारण साध्या हॉटेलांत खोली गरम करायची सोय नसते.

फेब्रुवारीत जाताना तेत बघून घ्या. तेत म्हणजे चांद्र नववर्ष, त्यांचा सगळ्यात मोठा सण. २०२६ मध्ये तो १७ फेब्रुवारीला होता, २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे. सणाच्या आधी सगळा देश गावाकडे निघतो, रेल्वे-बसची तिकिटं संपतात आणि सणाच्या दिवसांत बरीचशी दुकानं, खानावळी बंद असतात. व्हिसाचं कामही आठवडाभर थंडावतं.

जुलै ते सप्टेंबरमध्ये उत्तर किनाऱ्याला वादळांचा धोका असतो. तेव्हा हा लाँगच्या बोटी ऐनवेळी रद्द होतात. बोटवाल्याशी हुज्जत घालू नका, बंदर प्रशासनाचा आदेश असतो आणि तो जिवासाठी असतो. जुलै २०२५ मध्ये तिथे वादळात पर्यटकांची बोट उलटून अनेक जीव गेले.

आठ दिवस हातात असतील तर एकच भाग नीट बघा. फार तर दुसऱ्या भागातलं एक शहर जोडा. हनोई-हा लाँग-होई आन-सायगॉन-फू क्वोक असा आठ दिवसांचा कार्यक्रम कागदावर भरगच्च दिसतो. प्रत्यक्षात त्यातले तीन-चार दिवस विमानतळावर आणि बॅगा भरण्यात जातात.

व्हिसा: घाई करू नका, अक्षर न् अक्षर तपासा

भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. एकदा प्रवेशाची फी २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाची ५० डॉलर. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर करा, पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट व्हीएन' हवं. गुगलवर शोधलं की वर येणारी बरीच संकेतस्थळं एजंटांची असतात. दिसायला अगदी सरकारी, फी दुप्पट-तिप्पट.

लागतं फारसं काही नाही. पासपोर्टच्या माहितीच्या पानाचा स्पष्ट फोटो (चारही कोपरे आणि खालच्या दोन ओळी दिसल्याच पाहिजेत), चष्म्याशिवायचा तुमचा फोटो, राहण्याचा पत्ता, येण्या-जाण्याच्या तारखा आणि कार्ड. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी.

खरी काळजी नावाची घ्यायची. आपल्याकडे पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत आणि दुसऱ्या ओळीत स्वतःचं नाव व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. अर्जात हे सगळं जसंच्या तसं, त्याच क्रमानं भरा. मधलं नाव गाळलं, किंवा लग्नानंतर बदललेलं नाव तिकिटावर आणि जुनं नाव पासपोर्टवर राहिलं, की विमान कंपनी मुंबईतच अडवते. जन्मतारखेत दिवस आणि महिन्याची अदलाबदल, पासपोर्ट क्रमांकात शून्याऐवजी ओ, या नेहमीच्या चुका. पैसे भरून झाल्यावर दुरुस्ती होईल असं धरून चालू नका. बहुतेक वेळा नवा अर्ज आणि नवी फी एवढाच मार्ग उरतो. म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पासपोर्ट हातात देऊन भरलेला अर्ज मोठ्यानं वाचायला लावा.

अर्जात कुठल्या विमानतळावरून आत येणार हे विचारतात. तिकीट नक्की झाल्यावरच ते भरा आणि त्याच ठिकाणाहून प्रवेश करा. व्हिसा कामकाजाच्या तीन दिवसांत येतो असं म्हणतात, पण हाताशी दोन-तीन आठवडे ठेवा. आल्यावर पुन्हा एकदा प्रत्येक अक्षर तपासा, कारण कधी कधी चूक त्यांच्याकडूनही होते. कागदावर दोन प्रती छापून न्या. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंगही छापलेलं बरं. मुंबईत इमिग्रेशनला विचारलं तर लगेच दाखवता येतं.

फू क्वोक बेटाला वेगळा नियम आहे. परदेशातून थेट त्या बेटावर उतरून तिथेच राहणार असाल तर ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. तिथून हनोई किंवा सायगॉनला जायचं असेल तर मात्र व्हिसा हवाच.

पत्त्यांबद्दल एक नवी गोष्ट. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामनं ६३ प्रांतांचे ३४ केले. होई आन आता दा नांगच्या हद्दीत येतं, आणि तालुक्याचा स्तरच काढून टाकला आहे. त्यामुळे हॉटेलच्या संकेतस्थळावर जुना पत्ता, नकाशावर नवा, असं दिसेल. गोंधळू नका. घर क्रमांक आणि रस्त्याचं नाव जुळलं की जागा तीच.

पैसे: लाखांत मोजायची सवय करा

चलन डाँग. नोटेवरची शून्यं बघून पहिल्या दिवशी सगळेच गडबडतात. सोपा हिशेब असा: शेवटची तीन शून्यं काढा आणि उरलेल्या आकड्याला साडेतीननं गुणा. ५०,००० डाँग म्हणजे ५० गुणिले साडेतीन, साधारण पावणेदोनशे रुपये. मेन्यूवर नुसतं ४५ किंवा ४५के लिहिलेलं असेल तर ते ४५,००० असतं. आणि एक सोय आपल्यालाच आहे. दहा लाख, वीस लाख म्हणायची सवय असल्यामुळे त्या नोटा मिलियनमध्ये मोजण्यापेक्षा आपल्याला सोप्या जातात.

नोटा हातात घेऊन खोलीत बसून एकदा नीट बघा. दहा हजारांपासून वरच्या सगळ्या नोटा प्लास्टिकच्या, सगळ्यांवर त्यांचे राष्ट्रनेते हो ची मिन्ह यांचा चेहरा. २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० ची नोटही निळसर. एक सत्तर रुपयांच्या आसपासची, दुसरी सतराशेच्या. अंधाऱ्या टॅक्सीत ही अदलाबदल अगदी सहज होते. मागच्या बाजूवरून ओळखा: वीस हजारांवर होई आनचा छप्पर असलेला जपानी पूल आहे, पाच लाखांवर हो ची मिन्ह यांचं बालपणीचं घर. तसाच घोळ १०,००० आणि २,००,००० च्या तांबूस नोटांचा. दोन लाखांवर हा लाँगचे खडक आहेत. माझा सल्ला असा की पाच लाखांच्या आणि दोन लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. छोट्या वाटणाऱ्या नोटाच रस्त्यावर बाहेर काढा.

रुपये तिथे बदलून मिळतील अशी आशा ठेवू नका. इथूनच डॉलर न्या, कोऱ्या, न दुमडलेल्या, न लिहिलेल्या नोटा. फाटका कोपरा किंवा शिक्का असलेली नोट नाकारतात नाहीतर भाव कमी देतात. बँकेत किंवा अधिकृत बदली केंद्रातच बदला. एटीएममधून एका वेळी साधारण वीस ते पन्नास लाख डाँग निघतात आणि दर वेळी शुल्क लागतं. म्हणून थोडे थोडे चार वेळा काढण्यापेक्षा एकदाच काढा. यूपीआयवर भिस्त ठेवू नका. तिथल्या दुकानांत जो क्यूआर कोड दिसतो तो स्थानिक बँकांचा असतो. निघण्याआधी कार्डावर परदेशी व्यवहार चालू करा, आणि ओटीपी येण्यासाठी भारतातलं सिमकार्ड रोमिंगवर चालू ठेवा. हे राहिलं तर कार्ड असून नसल्यासारखं होतं.

उतरल्यावरचा पहिला तास

विमानतळावरच सिमकार्ड घ्या, पासपोर्ट दाखवावा लागतो. विएटेल, विनाफोन, मोबिफोन या तिथल्या मोठ्या कंपन्या. डोंगराळ भागात जाणार असाल तर विएटेल. फोन नवा असेल तर घरूनच ई-सिम घेता येतं.

शहरात जायला ग्रॅब किंवा झान्ह एसएम ही अॅप वापरा. भाडं आधीच दिसतं, घासाघीस नाही. अॅपवर भारतातच खातं उघडून कार्ड जोडून ठेवा. बाहेर "टॅक्सी, टॅक्सी" करत पाठीमागे लागणाऱ्यांना हसून नको म्हणा आणि चालत राहा. हनोईच्या नोई बाई विमानतळावरून ८६ क्रमांकाची केशरी बस थेट जुन्या शहराच्या बाजूला येते. सामान आटोपशीर असेल तर ती उत्तम आणि अगदी स्वस्त.

तिथे वाहनं उजव्या बाजूनं चालतात. रस्ता ओलांडताना आपल्या सवयीनं मान आधी उजवीकडे वळते, ती आधी डावीकडे वळवायची. हनोईत झेब्रा पट्ट्यावरही स्कूटर थांबत नाहीत. पद्धत अशी: मोठी गाडी किंवा बस येत नाही ना ते बघा, मग रस्त्यावर पाऊल टाका आणि एकाच संथ गतीनं चालत राहा. धावू नका, मधेच थांबू नका, मागे तर मुळीच येऊ नका. स्कूटरवाले तुमच्या चालीचा अंदाज घेऊन बाजूनं निघून जातात. तुम्ही दचकून गती बदललीत की त्यांचा अंदाज चुकतो. म्हातारी माणसं सोबत असतील तर हात धरा, आणि एखादी स्थानिक आजी ओलांडत असेल तर तिच्या शेजारून चाला.

खाणं: शाकाहारी माणसानं घाबरायचं कारण नाही

याबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न येतात, म्हणून सविस्तर.

अडचण आहे, ती आधी सांगते. तिथल्या रोजच्या स्वयंपाकात माशाचा सॉस, 'नुओक माम', आपल्याकडे मीठ घालावं इतक्या सहज पडतो. साध्या दिसणाऱ्या पालेभाजीत तो असू शकतो. फोचं, म्हणजे तिथल्या शेवयांच्या सूपचं, पाणी हाडं उकळून केलेलं असतं, वरून मांस घातलं नाही तरी. त्यामुळे "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. वेटर मांसाचे तुकडे काढून बाकी सगळं तसंच आणून देईल, आणि त्याच्या दृष्टीनं त्यानं तुमचं ऐकलेलं असेल.

म्हणून 'चाय' हा एक शब्द पाठ करा. बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण म्हणजे चाय. 'क्वान चाय' म्हणजे शाकाहारी खानावळ, 'कम चाय' म्हणजे शाकाहारी भात-भाजी, 'तोय आन चाय' म्हणजे मी शाकाहारी खातो किंवा खाते. उच्चारात स्वरांची चढउतार फार असते आणि आपला उच्चार चुकतोच, म्हणून हॉटेलच्या रिसेप्शनवर हे वाक्य आणि "माशाचा सॉस नको, हाडांचं पाणी नको, अंडं नको" एवढं व्हिएतनामी लिपीत फोनमध्ये लिहून घ्या आणि दाखवा.

चाय खानावळी जवळजवळ प्रत्येक शहरात आहेत, पॅगोडांच्या आसपास हमखास. अमावास्या आणि पौर्णिमेच्या दिवशी अनेक बौद्ध कुटुंबं मांसाहार करत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी रस्त्याकडेच्या गाड्यांवरही चाय पदार्थ निघतात. काटेकोर पाळणारे बौद्ध कांदा, लसूणही वर्ज्य मानतात. चातुर्मास पाळणाऱ्यांना आणि जैन मंडळींना पॅगोडाजवळची खानावळ म्हणूनच बरी पडते. जैनांनी कंदमुळांबद्दल मात्र वेगळं विचारावं, ती त्यांना चालतात.

अशा खानावळीत ताट कसं असतं? भाताच्या मुदीवर तुम्ही बोटानं दाखवाल ते तीन-चार प्रकार घालतात: टोमॅटोच्या रसातलं टोफू, लेमनग्रासमध्ये परतलेले मश्रूम, फणसाची भाजी, परतलेली नाळीची भाजी, सोबत एका वाटीत पातळ सारासारखं पाणी. ती नाळीची भाजी आपल्याकडे फारशी कुणी करत नाही, तिथे ती घरोघरी असते. जरूर खा. काही प्रकार हुबेहूब कोंबडी, मासा, कोळंबी यांच्यासारखे दिसतात. ते सोयाचे किंवा गव्हाच्या चिकाचे असतात. बघून मन उडालं तर बाजूला ठेवा, पण खानावळ सोडून उठायची गरज नाही. असं पोटभर जेवण दीडशे-दोनशे रुपयांत होतं.

गोमांस टाळणाऱ्यांनी 'बो' लक्षात ठेवावं. 'फो बो' म्हणजे गोमांसाचा फो, 'फो गा' म्हणजे कोंबडीचा. डुकराला उत्तरेत 'लोन', दक्षिणेत 'हेओ'. 'का' म्हणजे मासा, 'तोम' म्हणजे कोळंबी. मासेखाऊ माणसांना तर हा देश मनापासून आवडेल. समुद्र जवळ, भात रोजचा, आणि किनाऱ्यावरच्या खानावळीत टाकीतला जिवंत मासा किंवा खेकडा दाखवून शिजवून घेता येतो. फक्त शिजवण्याआधी वजन आणि भाव कागदावर लिहून घ्या. दाण्याच्या कुटाची अॅलर्जी असेल तर स्पष्ट सांगा, कारण शेंगदाणे अनेक पदार्थांवर पेरतात.

लहान मुलं आणि ज्येष्ठ यांच्यासाठी उपमा-पोह्यांची तयार पाकिटं न्या. बहुतेक खोल्यांत पाण्याची किटली असते. फळं भरपूर आणि ओळखीची: पपनस, फणस, सीताफळ, चिकू, शहाळी. नळाचं पाणी पिऊ नका.

आणि कॉफी. स्टीलच्या छोट्या गाळणीतून थेंब थेंब पडणारी दाट कॉफी, खाली कंडेन्स्ड मिल्कचा थर, वरून बर्फ. हनोईत अंड्याच्या फेसाची कॉफी मिळते. अंडं खात असाल तर एकदा घ्याच.

एका गावाहून दुसऱ्या गावाला

हनोई ते सायगॉन पूर्ण रेल्वेनं जायला तीस तासांहून जास्त लागतात. हौस नसेल तर विमान घ्या, दोन तास. पण ह्वे ते दा नांग हा टप्पा रेल्वेनंच करा. अडीच-तीन तासांत गाडी हाय व्हान घाटाला वळसे घालते आणि खाली थेट समुद्र दिसतो. ह्वेहून दा नांगकडे जाताना डाव्या बाजूची खिडकी मागा.

रात्रीच्या स्लीपर बस स्वस्त असतात. चढताना बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचे असतात. बर्थ आखूड असल्यानं उंच माणसाचे आणि गुडघेदुखीवाल्यांचे हाल होतात. ज्येष्ठांना घेऊन जाऊ नका.

स्कूटर भाड्यानं घेण्याबद्दल स्पष्ट सांगते: घेऊ नका. दुकानदार परवाना विचारतही नाही, पण भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९च्या जिनिव्हा करारानुसार असतो आणि व्हिएतनाम १९६८च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला परवाना ग्राह्य धरतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही विनापरवाना. अपघात झाला तर प्रवास विमा हात वर करतो, आणि परदेशातल्या हॉस्पिटलचा खर्च घर हलवून टाकतो. उत्तरेकडच्या 'हा झांग' भागातल्या डोंगरात फिरायचं असेल तर स्थानिक चालकाच्या मागे बसून जाता येतं, तिथे ती सोय सर्रास आहे.

काय बघाल

हनोईत जुनं शहर आणि होआन कीम तळं पायी फिरा. शनिवार-रविवारी तळ्याभोवती वाहनांना बंदी असते, तेव्हा मुलांना मोकळं सोडता येतं. १०७० मध्ये स्थापन झालेलं साहित्य मंदिर बघा. हो ची मिन्ह यांची समाधी फक्त सकाळी उघडी असते, सोमवारी आणि शुक्रवारी बंद. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आत बोलायचं नाही. तिथले लोक फार आदरानं येतात, आपणही तसंच जावं.

निन्ह बिन्हला एका दिवसात उरकून परत येऊ नका, एक रात्र राहा. भातखाचरांमधून उभे राहिलेले चुनखडीचे डोंगर आणि त्यांच्या पोटातल्या गुहांतून जाणारी होडी, ताम कोकला तर होडीवाल्या बायका पायांनी वल्ही मारतात. हांग मुआच्या शिखरावर जायला पाचशेच्या आसपास दगडी, चढ्या पायऱ्या आहेत. गुडघे साथ देत नसतील तर खालीच बसा, खालूनही सुंदर दिसतं.

होई आनला जाणार असाल तर कॅलेंडरात पौर्णिमा बघा. तिच्या आदल्या संध्याकाळी जुन्या गावातले विजेचे दिवे मालवतात आणि कंदिलांच्या उजेडात गाव उजळतं. गर्दी असते, पण बघण्यासारखं आहे.

आणि तिथूनच चाळीस किलोमीटरवर आहे 'मी सन'. हे ठिकाण बहुतेक पॅकेजमध्ये नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. इथे जुन्या चंपा राज्यातल्या, म्हणजे चाम लोकांच्या, राजांनी चौथ्या ते तेराव्या शतकात शिवाची मंदिरं बांधली. भद्रवर्मन राजानं स्थापन केलेला देव भद्रेश्वर. शिलालेख संस्कृतात. विटा एकमेकींवर अशा बसवलेल्या की सांध्यात चुना दिसत नाही. १९६९ मध्ये अमेरिकी बाँबफेकीत इथलं मुख्य देऊळ पडलं, त्याचे खड्डे अजून गवतात दिसतात. अलीकडे भारताच्या पुरातत्त्व खात्यानं इथल्या काही मंदिरसमूहांची डागडुजी केली. त्या कामात २०२० मध्ये नवव्या शतकातलं वालुकाश्माचं अखंड शिवलिंग मिळालं. सकाळी उघडताच पोहोचा. नऊनंतर ऊन आणि बसभरून गर्दी दोन्ही येतात.

मी सनमधल्या मूर्ती बघायला मात्र दा नांगच्या चाम शिल्प संग्रहालयात जावं लागतं. तिथे मी सनच्या ई-५ क्रमांकाच्या मंदिरातला उभा गणपती आहे, सातव्या-आठव्या शतकातला. बाकीचे हात तुटलेले आहेत, पण एका हातात खाऊची वाटी आहे आणि सोंड त्या वाटीत वळलेली. आपल्या घरचा गणपती बसलेला आणि दागिन्यांनी मढलेला असतो. हा दोन पायांवर सरळ उभा, अंगावर यज्ञोपवीत म्हणून साप. त्याच्यासमोर पाच मिनिटं थांबा, मुलांना दाखवा. चाम लोक आजही व्हिएतनाममध्ये आहेत आणि फान रांगच्या बाजूला त्यांच्यातले काही जण अजून शिवाची देवळं चालवतात.

सायगॉनमध्ये युद्ध अवशेष संग्रहालय आवर्जून बघा. वरच्या मजल्यावर नापाम (आगीचे बाँब) आणि रासायनिक फवारणीचे फोटो आहेत, लहान मुलांना तिथे नेऊ नका. कू चीची युद्धकाळातली भुयारं अर्ध्या दिवसात होतात. भुयारात शिरणं ऐच्छिक असतं, श्वासाचा त्रास असेल तर टाळा. बेन थान्ह बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर मारिअम्मनचं देऊळ आहे, तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं. आज तिथे उदबत्ती लावणारे बहुसंख्य भाविक व्हिएतनामी असतात.

बारीकसारीक, पण महत्त्वाचं

आपल्या चार्जरची बारीक दोन पिनांची प्लग बहुतेक ठिकाणी बसते, जाड तीन पिनांची बसत नाही. ई-सिगारेटवर २०२५ पासून बंदी आहे, बॅगेत असेल तर घरीच ठेवा. अमली पदार्थांना तिथे देहदंडापर्यंत शिक्षा आहे, अनोळखी माणसाचं पाकीट हातात घेऊ नका. ड्रोनला परवानगी लागते. सायगॉनमध्ये स्कूटरवरून फोन, पर्स हिसकावण्याचे प्रकार होतात. नकाशा बघायचा तर दुकानाच्या आत उभं राहून बघा, मंगळसूत्र आणि सोनं घरी ठेवा. पोलीस ११३, आग ११४, रुग्णवाहिका ११५. भारताचा दूतावास हनोईत, वाणिज्य दूतावास हो ची मिन्ह सिटीत. दोन्हींचे क्रमांक निघण्याआधी फोनमध्ये आणि कागदावर लिहून ठेवा. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत.

परत येताना उरलेले डाँग तिथेच विमानतळावर बदला, डॉलर बदलल्याची पावती जपून ठेवली असेल तर सोपं जातं. भारतात ते कुणी घेत नाही. सायगॉनहून परतणार असाल तर तान सन न्हात विमानतळावर तीन तास आधी पोहोचा. तिथे एप्रिल २०२५ पासून देशांतर्गत उड्डाणांसाठी तिसरं टर्मिनल सुरू झालं आहे. दा नांगहून येऊन तिथूनच मुंबईचं विमान धरणार असाल तर आपण कुठल्या टर्मिनलवर उतरणार हे तिकिटावर बघून घ्या. आंतरराष्ट्रीय उड्डाणं दोन नंबरच्या टर्मिनलवरून सुटतात, आणि सामान उचलून तिकडे जायला रांगेसह तासभर धरा.